बारांची पलटण

ज्या युद्धखेळात सेनापतीला एका वेळी बाराच शिपाई उचलता येतात, तेरावा हाताला लागतच नाही, त्या खेळाला उत्तम म्हणावे काय? सरळ विचार केला तर म्हणू नये. शंभर शिपायांची फौज उभी केली, तर तिला हलवायला नऊ वेळा हुकूम सोडायचा. आणि नववी तुकडी निघेपर्यंत पहिली शत्रूच्या तोंडी जाऊन खलास! तरीही संगणकावरच्या ज्या खेळाला मी गेली वीस-पंचवीस वर्षे त्याच्या जातीतला सर्वांत कसदार खेळ मानत आलो आहे, त्यात नेमका हाच नियम आहे. त्याचे नाव 'स्टारक्राफ्ट'. या सदराचे नेहमीचे वाचक म्हणतील, कादंबऱ्या-नाटकांचे गुणदोष सांगता सांगता हे गृहस्थ या वयात पोरखेळाकडे कोठे वळले? वळलो खरा. पण गुणदोष सांगणे हा माझा धंदाच आहे, आणि या खेळात गुण आणि दोष एकमेकांत असे गुंतून बसले आहेत, की तो गुंता सोडवण्याचा मोह काही केल्या आवरेना.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बुद्धिबळात तुमची खेळी झाली की तुम्ही हाताची घडी घालून बसता आणि समोरचा विचार करतो. येथे तसली सवड नाही. दोघांचेही डाव एकाच वेळी, अखंड चाललेले. आरंभी तुमच्याजवळ एक ठाणे आणि चार मजूर. मजुरांनी निळे स्फटिक खणून आणायचे, प्रत्येक खेपेस आठ. त्या भांडवलावर आणखी मजूर, मग इमारती, मग शिपाई. शत्रू नकाशाच्या दुसऱ्या टोकाला हेच करतो आहे, पण मध्ये काळोख! तुमचा माणूस जेथवर पाहील तेवढेच तुम्हाला दिसणार. म्हणजे एका हाताने संसार, दुसऱ्या हाताने लढाई, आणि डोके मात्र काळोखात काय चालले असेल या काळजीत. असे खेळ 'स्टारक्राफ्ट'च्या आधीही होते. 'ड्यून-२' हा १९९२ सालचा, 'वॉरक्राफ्ट' १९९४ चा. ते 'वॉरक्राफ्ट' काढणाऱ्या अमेरिकेतल्या ब्लिझर्ड कंपनीनेच ३१ मार्च १९९८ रोजी 'स्टारक्राफ्ट' बाजारात आणला. त्याआधी १९९६ साली लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याचा कच्चा खर्डा मांडला होता, तेव्हा पाहणाऱ्यांनी 'हे तर जुनेच वॉरक्राफ्ट, फक्त अंतराळात नेऊन ठेवलेले' अशी टर उडवली. मंडळी मनाला लावून घेणारी निघाली. त्यांनी खेळ जवळजवळ नव्याने बांधायला घेतला. टीकेचा इतका उपयोग झालेला पाहून माझ्यासारख्याला गुदगुल्या होतात, हे कबूल करतो.

त्यांनी जे नवे बांधले, त्यातला पहिला आणि निर्विवाद गुण म्हणजे तीन जमाती. पृथ्वीवरून हद्दपार केलेल्या कैद्यांचे वंशज ते टेरन. किड्यांच्या झुंडीसारखे झर्ग. आणि प्राचीन, मानी, विद्यासंपन्न असे प्रोटॉस. आता तीन जमाती म्हटल्या की आपल्याला वाटते, टोप्या निराळ्या, माणसे तीच. त्या काळच्या बहुतेक खेळांत तसेच असे. एकाचा घोडेस्वार, दुसऱ्याचा राक्षस, पण दोघांची किंमत आणि ताकद थोड्याफार फरकाने सारखी. येथे तसे नाही. येथे तिघांची जगण्याची रीतच वेगळी आहे, आणि ती कळायला मोठी लढाई पाहावी लागत नाही. साधे घर बांधताना पाहिले तरी पुरे.

टेरनांचा मजूर घर बांधायला लागला की ते पुरे होईपर्यंत हातोडी घेऊन तेथेच ठोकत बसतो. त्याला मारले, की काम थांबले. प्रोटॉसांचा मजूर जागा दाखवतो आणि चालू लागतो. इमारत दूरदेशाहून आपली आपण अवतरते. मात्र ती चालायची तर जवळ एक तेजस्वी खांब उभा असावा लागतो. तो खांब शत्रूने पाडला की अख्खी छावणी अंधारात. आणि झर्ग? त्यांचा मजूर स्वतःच घर होतो. जमिनीत रुततो, कोश करतो, आणि त्याची इमारत बनते. एक मजूर कायमचा खर्ची पडला. घर पहावे बांधून म्हणतात, ते या तिघांनी तीन तऱ्हांनी पाहिले आहे!

झर्गांचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण मला ती या खेळातली सर्वांत बुद्धिमान योजना वाटते. त्यांच्या ठाण्याभोवती अळ्या असतात, एका ठाण्याला फार तर तीन. मजूर जन्मायचा तो त्याच अळीतून आणि शिपाईही त्याच अळीतून. म्हणजे दर काही क्षणांनी एकच प्रश्न समोर येतो: या अळीचे काय करू? मजूर काढावा तर उद्याची सुबत्ता, पण आज दारावर कोणी आले तर? शिपाई काढावा तर आज निश्चिंती, पण उद्या दारिद्र्य. आणि समोरचा काय करतो आहे, ते काळोखात. कोणत्याही संसारी माणसाला हा पेच ओळखीचा वाटेल.

इतके असमान तिघे लढवायचे आणि कोणालाही 'माझ्यावर अन्याय झाला' असे म्हणता येऊ नये, ही गोष्ट किती अवघड! टेरनांचा शिपाई पन्नास स्फटिकांना एक. झर्गांचे झर्गलिंग पन्नासाला जोडी. प्रोटॉसांचा झेलट शंभराला एक, पण एकटा कित्येकांना भारी. टेरन आपली यंत्रे डागडुजी करून पुन्हा उभी करतात. झर्गांच्या जखमा आपोआप भरतात. प्रोटॉसांभोवतीचे कवच भरून येते, पण अंगावरची जखम कधीच बरी होत नाही. कोणाच्याही पदरात सगळे माप टाकलेले नाही.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. माझा भाचा पुण्याला अभियांत्रिकीच्या वर्गात आहे. सुट्टीत घरी आला असता मी मोठ्या हौसेने त्याला हा खेळ दाखवला. त्याने सगळ्या फौजेभोवती चौकट ओढली. बारा शिपाई उठले, बाकीचे झोपलेलेच.

"मामा, हा बिघाड आहे."

"बिघाड नव्हे रे, नियम आहे."

"मग नियमात बिघाड आहे!"

पोरगा चुकीचे बोलत नव्हता. 'कमांड अँड कॉन्कर' १९९५ चा आणि 'टोटल ॲनिहिलेशन' १९९७ चा. दोन्हींत हवी तेवढी फौज एका फटक्यात उचलता येत असे. मग १९९८ च्या खेळात बाराचीच अट का? तंत्र अपुरे होते, हे कारण पुरत नाही. या मंडळींनी ठरवूनच माप घातले होते. 'वॉरक्राफ्ट'मध्ये चार, त्याच्या दुसऱ्या भागात नऊ, आणि येथे बारा, अशी ती चढती भाजणी आहे. बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस म्हणतात, बाराभाईचे कारस्थान म्हणतात. या आकड्यात काहीतरी खटपटीपणा आहेच. फौजेच्या तुकड्यांना आकड्यांच्या दहा कळा बांधून देता येतात. दहा बारे एकशेवीस. आणि त्यांतल्याच काही कळा इमारतींना द्याव्या लागतात, कारण इमारत तर एका वेळी एकच उचलता येते!

याचा परिणाम असा, की फौज मोठी होत जाते तशी ती हाताबाहेर जाते. पाच शिपायांचा सेनापती सगळे पाहू शकतो. शंभर शिपायांच्या सेनापतीला काही तुकड्यांना देवावर सोडून द्यावे लागते. म्हणून चतुर खेळाडू एक मोठी लढाई करण्याऐवजी चार ठिकाणी चार लहान लढाया पेटवतो आणि समोरच्याचे लक्ष फाडून टाकतो. याच कंपनीने २०१० साली 'स्टारक्राफ्ट-२' काढला, तेव्हा ही अट उठवली. सोय झाली, यात शंका नाही. पण फौजा एका गोळ्यात फिरू लागल्या आणि गोळ्यावर गोळा आदळून मोठमोठ्या लढाया काही सेकंदांत निकालात निघू लागल्या. माझ्या मते तेथे सोय जिंकली आणि रंगत थोडी हरली. भाच्याचे मत उलट आहे.

बाराचा नियम निदान हेतुपुरस्सर होता. पण या खेळात निव्वळ घाईगर्दीने शिरलेल्या चुकाही आहेत, आणि त्यांची हकीकत अधिक मौजेची आहे. खेळाचा सांगाडा जुन्या 'वॉरक्राफ्ट'चा, म्हणजे सरळ चौकोनी घरांचा. पुढे चित्रे मात्र तिरप्या कोनातून काढली. त्यामुळे चढणी, कडे, भिंती यांच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या आणि शिपायांना रस्ता सापडेना. स्फटिक वाहणाऱ्या मजुरांची तर इतकी कोंडी होई, की काम ठप्प. शेवटी काय केले, ते या खेळावर काम केलेल्या पॅट्रिक वायट यांनीच पुढे लिहून ठेवले आहे: स्फटिक आणणारे मजूर एकमेकांच्या अंगातून भुतासारखे आरपार जातील अशी तोड काढली! दुरुस्ती कसली, ठिगळच ते. पण खेळणाऱ्यांनी ते हेरले. मजुराला दूरच्या स्फटिकाकडे जाण्याचा हुकूम दिला, की तो वाटेतल्या शत्रूच्या अंगातूनही निसटतो. झाले! टेहळणीची आणि पळून जाण्याची एक विद्याच त्यातून निर्माण झाली.

तसेच झर्गांच्या उडत्या म्युटालिस्कांचे. अकरा म्युटालिस्क आणि त्यांच्या जोडीला नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तरंगणारा एक ओव्हरलॉर्ड, अशी बारांची तुकडी बांधली, की ते अकरा जण पसरण्याऐवजी एकावर एक असे बसतात, जणू एकच पक्षी. अकरा चोची एका जागी! समोरच्याला कोणाला नेम धरावा तेच कळत नाही. हे नियमपुस्तकात कोठेही नव्हते. करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावे. वर्गात मी व्याकरण शिकवतो तेव्हा मुले विचारतात, 'सर, हा अपवाद कोणी ठरवला?' कोणी ठरवला नाही. लोक तसे बोलत गेले. या खेळातल्या निम्म्या विद्या अशाच, खेळणारे तसे खेळत गेले म्हणून रूढ झालेल्या आहेत.

पण येथे एक इशारा दिला पाहिजे, कारण या खेळाचे भक्त फार भाबडे असतात. दोषातून कधी गुण निघतो म्हणून प्रत्येक दोषाला ते अलंकार समजतात. प्रोटॉसांचा ड्रॅगून हे चार पायांचे यंत्र चढणीच्या तोंडाशी अडकून गोंधळल्यासारखे जागच्या जागी नाचत राहते, त्यात कोणती कला आहे? मागची फौज खोळंबते आणि खेळाडू हात चोळत बसतो. रीव्हर नावाच्या संथ यंत्रातून पंधरा स्फटिकांचा एक चालता बॉम्ब सुटतो. तो कधी आठ-दहा मजूर एकदम उडवतो, कधी रस्ता न सापडून वाटेतच फुसका होतो. पाहणाऱ्यांना मजा येते खरी, पण ती लॉटरीची मजा. शिवाय लढाई फार मोठी झाली, की पडद्यावरच्या वस्तूंची मर्यादा संपते आणि टेरनांच्या व्हाल्किरी विमानांतून अस्त्रेच सुटत नाहीत. याचे समर्थन कोण करील? झर्ग विरुद्ध झर्ग हा सामनाही असाच रोडावलेला. एवढ्या मोठ्या भात्यातले दोन-तीनच बाण बाहेर निघतात आणि कित्येकदा पाच-सात मिनिटांत निकाल लागतो. आणि संगणकाशी खेळावे, तर तो मंदबुद्धी! एका वाटेवर दहा वेळा मार खाईल आणि अकराव्या वेळी त्याच वाटेने येईल.

आणखी एक गोष्ट खेळाच्या कौतुकात हमखास विसरली जाते. तीन जमातींचा जो समतोल मी वर एवढा वाखाणला, तो सगळाच काही डबीत बंद होऊन आलेला नव्हता. आरंभीची काही वर्षे कंपनी किमती आणि बळ बदलत राहिली. मे २००१ मध्ये शेवटची मोठी फेरफार झाली आणि त्यानंतर नियमांना हात लागला नाही. मग कोणी एक जमात डोईजड झाली, तर काय करायचे? नकाशे बदलायचे! चढण अरुंद केली, की बचाव सोपा. दोन ठाण्यांमधले अंतर वाढवले, की झुंडीने अचानक चालून येणाऱ्याचा जोर कमी. खालून वर मारलेले निम्म्याच्या आसपास नेम चुकतात, म्हणून टेकडी कोठे ठेवली यावर जमातींचे नशीब ठरते. नाटक तेच ठेवून नेपथ्य बदलत राहणाऱ्या या नकाशाकारांना श्रेय फारसे कोणी देत नाही.

कथेविषयी थोडक्यात सांगतो. एकट्याने खेळायच्या मोहिमांत गोष्ट आहे, आणि तिच्यात एक प्रसंग खरोखर हलवणारा आहे. बंडखोरांचा पुढारी मेंग्स्क आपली शूर सहकारी केरिगन हिला टार्सोनिस ग्रहावर झर्गांच्या वेढ्यात सोडून निघून जातो. पुढे हीच केरिगन झर्गांची होऊन परत येते, आणि आपण ज्या हातांनी तिला लढवली त्याच हातांनी तिच्याशी लढतो. वाचलेली सूडकथा आणि स्वतः खेळलेली सूडकथा यांत हा फरक आहे. १९९८ च्याच अखेरीस आलेल्या 'ब्रूड वॉर' या पुरवणीत पराभूत सेनानी द्युगाल पत्नीला शेवटचे पत्र लिहून स्वतःवर गोळी झाडून घेतो. तोही प्रसंग संयमाने रंगवला आहे. पण त्या पुरवणीत प्रत्येक जण प्रत्येकाला दगा देतो. चौथ्या दग्यानंतर मनाला धक्का बसेनासा होतो. फक्त आता कोणाची पाळी, एवढेच आपण पाहतो.

या खेळाची खरी परीक्षा मात्र त्याच्या जन्मभूमीत झाली नाही. ती झाली दक्षिण कोरियात. १९९७ च्या अखेरीस त्या देशावर आर्थिक संकट कोसळले होते. त्या दिवसांत वेगवान इंटरनेट आणि भाड्याने संगणक देणारी 'पीसी बांग' नावाची दुकाने गल्लोगल्ली झाली, आणि तेथे पोरे 'स्टारक्राफ्ट'वर तुटून पडली. पुढे दूरचित्रवाणीवर सामने, पगारी संघ, पुरस्कर्त्या कंपन्या! २००४ साली बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला, त्याला लाखभर लोक जमले असे सांगतात. लिम यो-ह्वान याने टेरनांचे मूठभर शिपाई विमानात भरून शत्रूच्या पाठीमागे उतरवण्याची अशी काही कला दाखवली, की लोक त्याला टेरनांचा बादशहा म्हणू लागले.

आणि येथेच या खेळाचा तो दोष उघडा पडतो, जो मला सर्वांत बोचतो. बाराची अट, एकेक इमारत, रस्ता चुकणारे शिपाई, या सगळ्याची भरपाई कशाने करायची? हाताने. अव्वल खेळाडू मिनिटाला तीनशेहून अधिक हुकूम सोडतो. म्हणजे सेकंदाला पाच. त्यासाठी ती पोरे संघाच्या घरात एकत्र राहून रोज दहा-दहा, बारा-बारा तास सराव करत. मनगटे आणि दंड दुखावत. पंचविशी ओलांडली की लोक त्यांना म्हातारे समजत. डावपेच सुचणे वेगळे आणि तो बोटांतून उतरणे वेगळे. ज्याची बोटे मंद, त्याची बुद्धी या दरबारात दारातच अडते. ज्या खेळाने विचाराला एवढे विस्तीर्ण मैदान दिले, त्यानेच फाटकावर शर्यतीच्या घोड्यांचा पहारा बसवला! भक्त म्हणतील, सतारही बोटांनीच वाजते. खरे आहे. पण सतारीवर चुकणाऱ्याला निदान आपण कोठे चुकलो ते ऐकू येते. येथे नवख्या माणसाचे ठाणे आठव्या मिनिटाला जळून जाते आणि काय झाले हे त्याला कळतही नाही. २००१ च्या त्याच फेरफारीत झालेला डाव पुन्हा पाहण्याची सोय झाली, तेव्हा कोठे ही तक्रार थोडी हलकी झाली.

२०१० साली तर त्या दरबाराची दुसरीच बाजू दिसली. जुगाऱ्यांशी संगनमत करून सामने मुद्दाम हरल्याबद्दल अकरा खेळाडूंना कायमचे बाद करण्यात आले. त्यांत एकेकाळचे अजिंक्य वीरही होते. २०१२ साली दूरचित्रवाणीवरून जुना खेळ उठला, नवा आला. वाटले, संपले. पण २०१६ पासून इंटरनेटवर जुन्याच्याच स्पर्धा पुन्हा भरू लागल्या, आणि तेच जुने गडी, आता वयाने थोराड झालेले, पुन्हा खुर्चीवर येऊन बसले.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने सगळी चित्रे नव्याने, बारीक नकशीने रंगवून खेळ परत काढला. संधी होती. सगळे दोष काढून टाकता आले असते. त्यांनी काय केले? झर्गलिंगच्या पंखाची शीरन्‌शीर दिसेल असे चित्र काढले, आणि बाराची अट, आरपार जाणारे मजूर, वाट चुकणारा ड्रॅगून, सगळे जसेच्या तसे ठेवले! ड्रॅगूनच्या बाबतीत मला हे पटलेले नाही. बाकीच्यांच्या बाबतीत दुसरे काही करणे त्यांना शक्य होते, असे वाटत नाही. कोरियातल्या गड्यांनी त्यांना जगू दिले नसते.

कोणाला करून पाहायचे असेल, तर जुन्या चित्रांचा मूळ खेळ कंपनीने २०१७ च्या एप्रिलमध्ये फुकट देऊ केला, आणि तो जुन्यापुराण्या संगणकावरही चालतो. आरंभ टेरनांच्या मोहिमांपासून करावा. त्यांत एकेक शिपाई, एकेक इमारत सावकाश हाती येते आणि केरिगनही तेथेच भेटते. माणसाशी खेळायचे झाले, तर आपल्याइतकाच नवशिका गडी शोधावा आणि पहिले पंचवीस डाव मोजू नयेत. आणि ड्रॅगून चढणीवर अडकला, तर दोन पावले मागे घेऊन पुन्हा हुकूम द्यावा. ओरडून उपयोग नाही, मी ओरडून पाहिले आहे.